लास्कींनी नळीत पाहिलं नाही

"शिकारीचा मोसम तोंडावर असताना ऑरिनने पर्ल कुणाला देऊन टाकली ना, तर तू लगेच त्याच्याकडे जा," आर्डिस लास्की मला म्हणाल्या होत्या. "पुढच्या दाराची घंटा वाजवू नकोस, तो उघडणार नाही. मागून जा. स्वयंपाकघराच्या दाराने."

तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसून नासपतीच्या मुरंब्याच्या बरण्या पुसत होते. त्या बरण्या कुणाकुणाला द्यायच्या ते त्यांनी मला तोंडपाठ करायला लावलं होतं. मी हसले. म्हटलं, "आर्डिस, मिस्टर लास्की एक वेळ स्वतःचा हात कापून देतील, पण आपली कुत्री देणार नाहीत."

त्याही हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "शाळेने त्याची बस काढून घेतली तो हिवाळा तुला आठवत नसेल, तू लिंकनला कॉलेजात होतीस. मला आठवतो. तेव्हापासून मी घरात बंदूक ठेवलेली नाही; शिकारीला तो नुसता पर्लला घेऊन जातो, पक्षी उठवायला. जाशील ना?"

"हो हो, जाईन की," मी म्हटलं आणि पुढची बरणी उचलली. इडा तेव्हा माझ्या पोटात होती. मला वाटलं, दुखण्यात माणसाच्या मनात नाही नाही ते येतं.

आर्डिस गेल्या. इडा जन्मली. आणि ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, फेजंट पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम शनिवारी उघडणार होता त्याच आठवड्यात, मी इडाला कडेवर घेऊन रॉइस टिबेट्सच्या बंदुकांच्या दुकानात उभी होते.

मी गेले होते कुलुपाची पेटी घ्यायला. माझ्या नवऱ्याचं, लाईलचं, रिव्हॉल्व्हर पलंगाशेजारच्या खणात असतं. इडा आता धरून उभी राहते. लाईल म्हणतो, तिला खण ओढता येत नाही. मी म्हणते, काल चमचा धरता येत नव्हता, आज धरते. रात्री तो घोरतो आणि मी त्या खणाकडे बघत पडून राहते.

रॉइसचं दुकान बी-बियाणांच्या दुकानाशेजारी आहे. आत भिंतीवर पेंढा भरलेले पक्षी, कोपऱ्यात कायम तापत असलेली कॉफीची टाकी, आणि टाकीशेजारच्या खुर्चीत डॉइल. डॉइल दुकानात नोकरीला नाही, पण दुकानातून हलतही नाही. त्याला सगळ्यावर मत असतं.

"काय गं मॅरेन, एवढं शिकलीस ते पेटी घ्यायला होय?" डॉइल म्हणाला. "रात्री चोर आला की म्हणायचं, बसा हं जरा, कॉफी घ्या, तोवर किल्ली शोधते."

"कॉफी तुमच्याच हातची पाजेन, डॉइल. ती प्यायल्यावर चोर पुन्हा या गावात फिरकायचा नाही."

रॉइस खो खो हसला. त्याने काउंटरवर तीन पेट्या मांडल्या आणि प्रत्येकीचं कुलूप उघडून दाखवलं. "पोर म्हणजे पाणी," तो म्हणाला, "फट दिसली की शिरलंच. लाईलला सांग, रॉइसने सांगितलंय. ऐकलं नाही तर मी येऊन सांगतो." त्याच्यामागे भिंतीवर एक मोठं चित्र लावलेलं आहे. रांगतं बाळ, अर्धवट उघडा खण, आणि खाली लाल अक्षरांत एकच प्रश्न: तुमचं हत्यार आत्ता कुठे आहे? रॉइस माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. वाईट असता तर मला इतका संताप आला नसता.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली आणि मिस्टर लास्की आत आले.

कॅल्डर गावात वाढलेल्या कुणालाही लास्की कोण ते सांगावं लागत नाही. ते शाळेची बस चालवायचे. इथली घरं रस्त्यापासून खूप आत असतात आणि हिवाळ्यात शाळा सुटून घरी पोचेपर्यंत अंधारून येतं. बाकीचे ड्रायव्हर पोराला रस्त्याकडेला असलेल्या त्याच्या घराच्या टपालपेटीजवळ उतरवून निघून जात. लास्की थांबत. पोर बर्फातून चालत घरापर्यंत जायचं, दार उघडायचं, आतला उजेड बाहेर पडायचा, कुणीतरी हात धरून आत घ्यायचं. एवढं दिसेपर्यंत ते बस हलवत नसत. मागची मोठी पोरं बोंबलायची, "चला ना मिस्टर लास्की, भूक लागलीय!" ते आरशात बघून म्हणायचे, "तुझं जेवण काय पळून चाललंय?"

एकदा माझ्या आईची गाडी वाटेत बंद पडली होती आणि घराचं दार उघडलंच नाही. मी टपालपेटीशी रडायला लागले. लास्कींनी मला परत बसमध्ये घेतलं, पुढच्या सीटवर बसवलं, सगळी फेरी पुरी केली, आणि पुन्हा आमच्या दारासमोर येऊन बसचं इंजिन चालू ठेवून थांबले. आई आली तेव्हा मी त्यांच्या डब्यातला दालचिनीचा रोल खात होते.

त्या दिवशी दुकानात आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गुळगुळीत दाढी केली होती. टोपी हातात होती. त्यांनी इडाचा बूट दोन बोटांत धरला.

"पाय वाढले गं हिचे," ते म्हणाले. बूट लवकर सोडला नाही. मग रॉइसकडे वळून म्हणाले, "वडिलांचं पिस्तूल काढ रे. घेऊन जातो."

डॉइल खुर्चीतून उठून उभा राहिला. डॉइलला मी राष्ट्रगीताशिवाय उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

ते पिस्तूल गावात सगळ्यांच्या ओळखीचं. जुनं लष्करी कोल्ट, लास्कींच्या वडिलांनी युद्धावरून आणलेलं. कडांची निळी झिलई उडून लोखंड चांदीसारखं झालं होतं, आणि लाकडी मुठीवर एक लांब ओरखडा होता. आर्डिसनी ते रॉइसला विकलं होतं. रॉइसने ते काचेच्या कपाटात सगळ्यात वर ठेवलं होतं, आणि त्याच्यापुढे चिठ्ठी होती, विकायचं नाही.

"मला ठाऊक होतं तू येशील," रॉइस म्हणाला. "ओमाहाहून लोक आले, वाटेल ती किंमत देतो म्हणाले. मी हात लावू दिला नाही. म्हटलं, हे ऑरिनच्या बापाचं आहे."

त्याने कपाट उघडलं. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझीन काढलं, वरचा भाग मागे ओढून अडकवला, आत गोळी नाही हे आधी स्वतः पाहिलं, मग लास्कींना दाखवलं, आणि तसंच उघडं त्यांच्या हातात दिलं. लास्कींनीही घेताना पुन्हा आत पाहिलं, तोंड जमिनीकडे ठेवलं. आमच्याकडे ही रीत आहे. बाप पोराला सायकल शिकवायच्या आधी ही रीत शिकवतो. ज्याला ती येते तो आपला, ज्याला येत नाही त्याला रॉइस काही विकत नाही. माणूस ओळखायची आमची सगळी विद्या ती एवढीच.

काउंटरच्या कडेला दोऱ्याने एक बारकी बॅटरी टांगलेली असते. जुनं पिस्तूल घेणारा माणूस ती घेतल्याशिवाय राहत नाही. नळीत उजेड टाकतो, एक डोळा मिटतो, आतल्या खाचा झिजल्यात का, गंज धरलाय का बघतो. मग नाक मुरडतो, भाव पाडतो, आणि अर्धा तास आजोबांची गोष्ट सांगतो. माझा लाईल तर दुसऱ्याने घेतलेल्या पिस्तुलाच्या नळीतसुद्धा डोकावतो. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कपाटात राहिलेलं बापाचं पिस्तूल! आणि घेणारा कोण, तर रोज सकाळी बसच्या चाकांना हात लावून बघितल्याशिवाय किल्ली न फिरवणारा माणूस.

लास्कींनी बॅटरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नळीत बघ तरी ऑरिन," डॉइल म्हणाला. "रॉइसने आत कोळ्यांना भाड्याने दिली असेल."

"बघितलीय पूर्वी," लास्की म्हणाले. आणि रॉइसला, "काडतुसं सुटी मिळतात का?"

"अंडी आहेत का ती? डबी घ्यावी लागते."

"मग डबी दे."

रॉइस हसला, डॉइल हसला. मला हसू आलं नाही. पण का ते मला अजून कळलं नव्हतं.

लास्कींनी फॉर्म भरला. रॉइसने सरकारी तपासणीसाठी फोन लावला. पलीकडून मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबायचं तर काहीतरी बोलायला हवं, म्हणून रॉइस कानाला फोन लावूनच म्हणाला, "पर्ल काय म्हणतेय? शनिवारी उड्या मारेल!"

"पर्ल दिली मी," लास्की म्हणाले. "बर्वेलकडच्या एका शेतकऱ्याला. त्याला पोरं आहेत. पळवतील तिला."

"शनिवारपुरती?"

"कायमची."

"हो रे, आपली वयं झाली आता," रॉइस म्हणाला आणि फोनमध्ये म्हणाला, "हो, आहे, बोला."

सरकारला जे विचारायचं ते त्या फोनवर विचारून झालं. चोरी केलीय का, कुणाला मारलंय का, तुरुंगात होतात का. तुमची कुत्री कुठे आहे, हे कुठलंही सरकार विचारत नाही. ते विचारायला माणसं हवीत. आणि तिथे दोन माणसं होती, दोघंही जन्मभर कुत्रे घेऊन शेतं तुडवत आलेली. मोसम उघडायच्या दोन दिवस आधी कुणी आपली कुत्री देत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ते ऐकलं आणि मान डोलावली.

"मंजूर," रॉइस म्हणाला आणि कागदी पिशवी झटकून उघडली.

"रॉइस," मी म्हटलं, "हे विकू नका."

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इडाच बोलली.

"काय?"

"आज विकू नका. दोन दिवसांनी द्या. मिस्टर लास्की, पर्ल का दिलीत?"

लास्की खाली बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले.

"मॅरेन," रॉइस हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाला, "बापाची वस्तू घ्यायला माणसाला तुझी परवानगी लागते का?"

"बापाची वस्तू आहे तर नळीत का नाही पाहिलं त्यांनी? तुम्ही पाहिलंत ना, की नाही पाहिलं? सुटी काडतुसं कोण मागतं, रॉइस? कशाला मागतं?"

"ए पोरी, गप," डॉइल म्हणाला. "काय बोलतेयस ते कळतंय का?"

मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच आवाज चढला. इडा घाबरून रडायला लागली. लास्कींनी पिशवी उचलली, टोपी घातली. माझ्याजवळून जाताना न थांबता म्हणाले, "तुझ्या आईने कधी कुणाला असं चारचौघांत धरलं नव्हतं." दारावरची घंटी वाजली आणि ते गेले.

मग त्या दुकानात मी जे बोलले ते गावभर झालं, म्हणून खरं काय ते इथे लिहिते. मी रॉइसला म्हटलं, "त्या भिंतीवर बाळाचं चित्र लावलंय तुम्ही. माझ्या पोरीसाठी तीन पेट्या काढल्यात. मला प्रवचन दिलंत. आणि आत्ता जो माणूस गेला त्याला एक प्रश्न विचारला नाहीत!"

"त्याच्या हाताला बघितलंस ना?" रॉइस म्हणाला. "किती नीट धरलं त्याने. असा माणूस वेडंवाकडं काही करत नाही."

"वेडंवाकडं करायला वेडंवाकडं धरावं लागतं?"

"मॅरेन, हे दुकान आहे. चर्च नाही."

"आर्डिसनी ते तुम्हाला का विकलं, विचारलं होतंत?"

"घरात जागा नाही म्हणाली."

"जागा नाही? मुलगा टूसॉनला गेल्यापासून त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, रॉइस! एक पिस्तूल ठेवायला त्यांच्या घरात जागा नव्हती?"

रॉइसने काचेच्या कपाटातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याच्या कपाटात ते पिस्तूल होतं. रोज तो त्याच्यावरची धूळ पुसत होता. एका बाईने, कधी एक मोजा न विकलेल्या बाईने, नवऱ्याच्या बापाची आठवण त्याच्या काउंटरवर आणून ठेवली, आणि त्याने मानलं की घरात जागा नव्हती. का, तर आमच्याकडे कारण विचारणं असभ्य. बंदूक कुठे रोखायची ते लेकराला शिकवतील, पण 'तुझं कसं चाललंय' हे सत्तरीच्या म्हाताऱ्याला विचारायला यांची जीभ उचलत नाही.

पेटी काउंटरवरच राहिली. इडाला मागच्या सीटवर पट्ट्यात अडकवून मी गाडी लास्कींच्या घराकडे काढली.

त्यांचा ट्रक अंगणात होता. पुढच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. इडाला कडेवर घेऊन मी वळसा घालून मागे गेले. पर्लचं खोपटं धुऊन भिंतीला उलटं टेकवून ठेवलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारावर थाप मारली आणि उत्तराची वाट न बघता ढकललं. दार उघडंच होतं.

ते टेबलाशी बसले होते. कागदी पिशवी टेबलावर, तोंड दुमडलेलंच. सगळं घर लख्ख. ओट्यावर एकच कप, पालथा, फडक्यावर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागच्या दाराकडे. "मागून कशी आलीस?" त्यांनी विचारलं. "मागून कुणी येत नाही."

"आर्डिसनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"पर्ल दिली तर मागच्या दाराने जा म्हणून."

ते हलले नाहीत. फक्त तळवा टेबलावरून पुढे सरकवत नेला, जिथे बहुतेक आर्डिस बसत असतील तिथपर्यंत, आणि तिथेच ठेवला. "तिला ठाऊक होतं," ते म्हणाले. मला नाही, त्या रिकाम्या खुर्चीला.

मी इडाला खाली सोडलं. ती खुर्चीचा पाय धरून उभी राहिली आणि त्यांच्या गुडघ्याला हात लावून डुलायला लागली. मी पिशवी आणि इडा यांच्या मधोमध उभी होते, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हात पुढे करू का, करू का. तेवढ्यात पुढची घंटा वाजली. पुन्हा वाजली. लास्कींनी तिकडे मानही वळवली नाही. आर्डिस खरंच बोलल्या होत्या.

थोड्या वेळाने रॉइस धापा टाकत मागच्या दारात आला. दुकानातला एप्रन तसाच अंगावर. टोपी काढून हातात फिरवत तो म्हणाला, "ऑरिन, माझ्या हातून घोटाळा झाला रे. फॉर्मवर पिस्तुलाचा नंबर लिहिताना एक आकडा चुकला. पिस्तूल काही दिवस परत न्यावं लागेल. दुरुस्ती झाली की मीच आणून देतो."

खोटं होतं. तिघांनाही ते खोटं आहे हे ठाऊक होतं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी मी त्या लठ्ठ माणसाच्या पाया पडले असते.

लास्की उठले. पिशवी उघडली. पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे धरून मॅगझीन काढलं, वरचा भाग मागे ओढून अडकवला, आत पाहिलं, रॉइसला दाखवलं, आणि उघडं त्याच्या हातात दिलं. डबीही दिली. तीही उघडून, भरलेली आहे हे दाखवून. त्यांच्या बापाने त्यांना जसं शिकवलं असेल, अगदी तसं.

मग ते माझ्याकडे वळले.

"तू आत जाईपर्यंत मी थांबायचो," ते म्हणाले. "कधी तुझ्या घराच्या आत डोकावलो का?"

त्यांनी इडाचा हात आपल्या पँटवरून हळूच सोडवला, तिला माझ्याकडे दिलं, आणि मी आणि रॉइस पायरी उतरल्यावर दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

या गोष्टीला आता महिने झाले.

गावाचं म्हणणं असं आहे की रॉइसने वेळेवर ओळखलं. पाद्रीबाबांनी रविवारी त्याचं नाव घेऊन सांगितलं, शेजारी असावा तर असा. डॉइल कॉफीच्या टाकीशेजारी ती गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत आकडा चुकल्याची युक्ती डॉइलनेच सुचवलेली असते, आणि मी रडणारं पोर घेऊन आरडाओरडा करणारी बाई असते. लाईल म्हणतो, "तू बरोबर होतीस गं, पण जरा बाजूला घेऊन सांगायचंस." बाजूला! कुठे? रॉइस पिशवी झटकत होता.

पिस्तूल रॉइसच्या मागच्या खोलीत तिजोरीत आहे, लास्कींच्या नावाची चिठ्ठी लावून. सगळे निश्चिंत झाले. लोखंड कुलुपात गेलं की आमच्या गावाला झोप लागते. माणसाचं काय झालं ते कोण विचारतो? मी त्यांच्या मुलाला टूसॉनला फोन केला. तो म्हणाला, "डॅड ठीक आहेत. रॉइसशी बोललो मी." मी रॉइसला म्हटलं, त्यांना डॉक्टरकडे न्या, तुमचं ऐकतील. तो म्हणाला, "नेतो की, मोसम संपू दे." मोसम संपला. मग म्हणाला, बर्फ वितळू दे. पर्ल अजून बर्वेललाच आहे. मी तिथे गेले होते. त्या शेतकऱ्याच्या पोरांचा तिच्यावर जीव जडलाय. ती त्यांच्या फाटकाशी बसून रस्त्याकडे बघते.

मी दर आठवड्याला जाते. मागच्या दाराने. बीन्सचं तिखट कालवण नेते, दालचिनीचे रोल नेते, थाप मारते, हाक मारते. आतून पावलं ऐकू येतात, दारापर्यंत येतात, थांबतात. मग मी भांडं पायरीवर ठेवते आणि येते. दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं, पुसलेलं, आमच्या टपालपेटीवर ठेवलेलं असतं. तेवढ्यावरून कळतं की आहेत. ते मला दार उघडणार नाहीत. मी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. मीही माझ्या जागी बरोबर आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसंच ओरडेन.

परवाचं भांडं अजून परत आलेलं नाही. एखादा दिवस उशीर होतो कधी, मला ठाऊक आहे. तरी मी दर थोड्या वेळाने खिडकीतून टपालपेटीकडे बघते. आज दोनदा त्यांच्या मागच्या दाराशी गेले होते. पावलं ऐकू आली, पण दारापर्यंत आली नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या बाजूने जात असाल, तर धान्याच्या उंच कोठारानंतर डावीकडे वळा. हिरव्या छपराचं घर आहे, अंगणात जुना पांढरा ट्रक. लहानपणी त्यांच्या बसने गेला असाल तर तसं सांगा. नसाल तर गाडी तापलीय, पाणी हवंय म्हणा. पाण्याला ते नाही म्हणणार नाहीत. माझं नाव घेऊ नका. घंटा वाजवू नका, मागून जा. आणि गाडी चालू ठेवलीत तरी चालेल, पण दार उघडून ते समोर उभे राहिलेले दिसेपर्यंत तिथून हलू नका.